सेकिरोत त्रेपन्नदा मेलो तरी चिडलो नाही, घाटात एसी लावताना मात्र डोकं फिरलं

सातपूरवाला | रविवार, रात्री ११:२०

हा धागा गेमच्या विभागात टाकावा की गाड्यांच्या, ते ठरेना. संपादकांनी हवा तिथे हलवावा, माझी हरकत नाही.

वय बेचाळीस. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत धातू कापणाऱ्या सीएनसी मशिनवर निम्मं आयुष्य गेलं. पोरगा आठवीत, त्याच्या नादाने मीही कंट्रोलर हातात घेतला. सध्या सेकिरो चालू आहे. २०१९ चा गेम. त्यात सोपं-मध्यम-अवघड अशी निवडच नाही, ताटात पडलंय ते खा. आशिना किल्ल्याच्या गच्चीवर गेनिचिरो नावाचा एक गडी उभा असतो, तलवार आणि धनुष्य दोन्ही घेऊन. त्याच्यापुढे मी ५३ वेळा मेलो. आकडा पक्का आहे, कारण पोरगा वहीच्या मागच्या पानावर पाच-पाचच्या जुड्या करून रेघा ओढतो.

गंमत म्हणजे एकदाही चिडलो नाही. समोरच्याचा वार नेमक्या क्षणी तलवारीवर घेतला तर 'ठण्ण' असा स्वच्छ आवाज येतो. जरा चुकलं की आवाज बसका. आमच्याकडे टूल बोथट झालं की मशिनकडे पाठ असली तरी आवाजावरून कळतं, तसंच. मेलो तर का मेलो ते मला माहीत असतं.

आता आजची गोष्ट. सकाळी खर्डीला बहिणीकडे बारशाला निघालो. पाऊस धो धो. कसारा घाटात शिरलो आणि काच आतून धुरकटली. गाडीत पाच माणसं आणि ओल्या छत्र्या, होणारच. जुन्या गाडीत याला डोळे लागत नव्हते. डावा हात खाली, गोल नॉब उजवीकडे शेवटपर्यंत, 'कट्' वाजलं की वारा काचेवर. नव्या गाडीत (कंपनीचं नाव विचारू नका, हप्ते चालू आहेत) सव्वादहा इंची स्क्रीन आहे आणि एसी त्या स्क्रीनच्या खालच्या पट्टीत राहतो. नेमका मेव्हण्याचा फोन आला, पट्टी गायब. फोन कापला. पंख्याच्या चित्रावर बोट ठेवलं, दुसरं पान उघडलं, त्यात काचेचं चित्र नखाएवढं. बोट तिथे नेतोय तोवर चाक खड्ड्यात गेलं, बोट शेजारी पडलं आणि एसीच बंद झाला. काच पांढरीफटक. बायकोने ओढणीने माझ्यासमोर वाटीएवढी जागा पुसली, तर त्या वाटीत दुधाचा टँकर. वीसेक फुटांवर.

खर्डी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. अवघड असणं वेगळं आणि छळणं वेगळं, पण रेघ नक्की कुठे ओढायची? गेम, गाडी, काहीही चालेल, लिहा. शिवाय माझा लॅपटॉप हल्ली अर्धा तास खेळलं की अडखळायला लागतो, त्यावरही कुणी उपाय सांगा.

अर्धवट अभियंता | रविवार, रात्री ११:३४

पहिला!

दादा, ५३ म्हणजे किरकोळ. गेनिचिरो शेवटी वीज फेकतो तेव्हा उडी मारा, वीज हवेतच अंगावर घ्या आणि पाय टेकायच्या आत वार करा, त्याची त्याच्यावर उलटते. बाकी तुमचं पटलं. ज्यांना सोपा मोड पाहिजे त्यांनी यूट्यूबवर बघावं, खेळू नये. (हलके घ्या.)

पंचवटीचे काका | रविवार, रात्री ११:५१

घाटातून गेलातच का? समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आता घाट लागतच नाही.

सातपूरवाला | सोमवार, रात्री १२:०५

काका, खर्डी कसाऱ्याच्या जरा खाली, जुन्या हायवेवर. टोल भरून पुढे जाऊन परत मागे कशाला येऊ?

अभियंता, पाय टेकायच्या *आत*! मी टेकल्यावर मारत होतो. आज रात्री बघतो.

रात्रपाळीची आई | सोमवार, पहाटे ३:१०

(वेळ बघून घाबरू नका, मुलगी सात महिन्यांची आहे.)

अभियंता, तुझं वय काय रे बाळा? मी फिजिओथेरपिस्ट आहे, सध्या रजेवर. बाळाला सारखं उचलून माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होते. अंगठा ताणला की जीव जातो, आणि कंट्रोलरची डावी काडी त्याच अंगठ्याने फिरवायची असते. मग मी खेळूच नको?

सेलेस्टे (२०१८) पूर्ण केला मी. त्यातल्या असिस्ट म्हणजे मदतीच्या मोडमध्ये गेमचा वेग शंभरावरून दहा-दहा टक्क्यांनी पन्नासपर्यंत उतरवता येतो. मी सत्तरवर ठेवला, आणि तरीही शेकडो वेळा मेले. माझ्या सत्तरने तुझ्या शंभराचं काय बिघडलं?

आणि धागाकर्त्यांसाठी आणखी एक रेघ. सेकिरोत पॉझ आहे. त्याच कंपनीच्या एल्डन रिंगमध्ये (२०२२) सरळ पॉझ नाही. मेनू उघडला तरी मागे बॉस (मोठा शत्रू) चालूच. इन्व्हेंटरीत (सामानाच्या यादीत) मदतीच्या बटणातून 'मेनूचं स्पष्टीकरण' उघडलं की मात्र गेम थांबतो. हा शोध मला चौथ्या महिन्यात लागला. बॉसने मारलं तर मारू दे, त्यासाठीच बसलेय. पण पाळण्यातून आवाज आला म्हणून मरायचं, ही कसली परीक्षा?

तसंही आपली सगळी पिढी फसवूनच मोठी झालीय. काँट्रा आठवा. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ३ च्या जागी ३० जीव. गल्लीत कुणी म्हणालं का, की तू काँट्रा संपवलाच नाहीस?

वायरिंगवाला | सोमवार, सकाळी ९:४०

+१. आमच्या गल्लीत तर तो कोड न येणाऱ्याला खेळायला घेत नसत.

अर्धवट अभियंता | सोमवार, दुपारी १:१५

ताई, बावीस. माघार. म्हणजे अर्धी माघार.

मेनूत लिहिलेला सोपा मोड चालेल. मला राग येतो गुपचूप सोपं करणाऱ्या गेमचा. रेसिडेंट ईव्हिल ४, २००५ चा मूळ. सारखे मरत राहिलात की तो न सांगता शत्रू कमी करतो, त्यांचा जोरही उतरवतो. मी शाळेत असताना एक जागा दहाव्या खेपेला पार केली आणि घरभर नाचलो. दोन वर्षांनी कळलं की गेमला माझी दया आली होती. माझा नाच परत द्या.

पंचवटीचे काका | सोमवार, दुपारी १:४०

आम्ही ३५ वर्षं पेपर तपासताना काठावरच्या पोरांना हेच केलं. नाचू द्यावं.

अर्धवट अभियंता | सोमवार, दुपारी २:०२

सर 🙏

लॅपटॉपचं राहिलं. दादा, अर्ध्या तासाने अडखळतो म्हणजे गेमचा दोष बहुतेक नाही, तापतोय. ठरावीक तापमानाच्या वर गेला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कशावर ठेवता?

सातपूरवाला | सोमवार, संध्याकाळी ६:३०

पलंगावर. म्हणजे गादीवर.

अर्धवट अभियंता | सोमवार, संध्याकाळी ६:३३

🤦

बऱ्याच गेमिंग लॅपटॉपना हवा खालून लागते. गादीवर ठेवणं म्हणजे नाकावर उशी. आधी पाटावर ठेवा. मग खालचं झाकण उघडून पंखे साफ करा. तीन-चार वर्षं जुना असेल तर थर्मल पेस्टही बदलून घ्या.

आणि ते कोपऱ्यातलं फ्रेमचं मीटर बघणं सोडा. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. समजा एका सेकंदात ५४ फ्रेम वेळेवर आल्या आणि एक फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली. मीटर दाखवतं ५५. आकडा झकास. पण गेनिचिरोचा हात नेमका त्या अडकलेल्या फ्रेममध्ये हलला, म्हणजे तुमचा 'ठण्ण' गेला. सरासरी बघून काही कळत नाही. दोन फ्रेममधलं अंतर सारखं आहे का ते बघायचं.

म्हणून मशिनला झेपत नसेल तर साठसाठी झगडू नका, बांधून टाका. तीस फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद, साठला १६.७, आणि बरोबर मध्ये २५, म्हणजे चाळीस फ्रेम. स्क्रीन १२० हर्ट्झची (सेकंदाला १२० वेळा चित्र दाखवणारी) असेल तर प्रत्येक फ्रेम तीनदा दिसते, हिशोब चोख बसतो. १४४ ची असेल तर ४८ वर बांधा, तिथेही तीनदा. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये मर्यादा घालता येते. उष्णताही कमी होते, पंख्याची घरघरही. टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि बटण दाबल्यावर तलवार उशिरा फिरते.

सातपूरवाला | सोमवार, रात्री ८:१०

१४४ ची आहे. ४८ करतो. आमच्या स्पिंडलचंही हेच. उगाच कमाल आरपीएमला पळवून कंप आला तर फिनिश जातं. दोनशे कमी कर पण एकसारखं चालव, असं मीच पोरांना सांगतो. घरी येऊन गादीवर!

मखमलाबादकर | सोमवार, रात्री ९:२५

एवढा वेळ नुसता वाचत होतो. आमच्याकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे अवघड काय असतं त्यावर थोडं बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

पुतण्याने मला फार्मिंग सिम्युलेटर २२ लावून दिला. त्यात द्राक्षं आहेत म्हणे. बसलो. वेली लावल्या. छाटणी आहे, पण ट्रॅक्टरला यंत्र लावून ओळीतून नेलं की झाली. आमची एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, त्यातली मजुरांची जमवाजमव, काही नाही. डावणी नाही, भुरी नाही, कुठलाच रोग नाही. रात्री दोनला ढग आले म्हणून पंप घेऊन पळायला नको. व्यापारी पळून जात नाही. पुतण्याला म्हटलं, अरे हा कुठला मोड लावलास? तर म्हणे काका, हा 'अवघड' आहे.

पण खोटं कशाला बोलू, रोज एक तास खेळतो. सरळ ओळीत ट्रॅक्टर फिरतो आणि पीक येतं. फार बरं वाटतं.

गाडीचं म्हणाल तर आमच्या पिकअपला मागे पाट्यांची स्प्रिंग. रिकामी असली की दिंडोरी रस्त्याला माणसाला छतावर आपटते. मागे द्राक्षाचे क्रेट भरले की तीच गाडी पालखीसारखी. ती बनलीच ओझ्यासाठी. त्यामुळे तिचा राग येत नाही. राग येतो तो भावाच्या नव्या गाडीचा. मोठी चाकं, बारीक टायर, दिसायला नवरदेव. मखमलाबाद नाक्यापर्यंत प्रत्येक खडा कंबरेला कळतो. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते खोदून ठेवलेत त्यात तर विचारूच नका. रबराची भिंतच उरली नाही तर धक्का कोण खाणार? आपणच.

रात्रपाळीची आई | सोमवार, रात्री ११:५८

मखमलाबादकर, तो गेम मलाही लावून हवाय. ओळीत ट्रॅक्टर फिरवायला एक अंगठा पुरेल.

वायरिंगवाला | मंगळवार, सकाळी १०:१५

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे, वीस वर्षं सीटा उघडतोय. गिऱ्हाईक कमी आहे, लिहून घेतो.

शोरूममध्ये मऊ सीट सगळ्यांना आवडते. बसल्याबरोबर माणूस आत रुततो, बायको म्हणते सोफाच आहे, बुकिंग होतं. टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची. मऊ फोम पुण्याला निघाल्यावर सिन्नर जाईपर्यंत साथ देतो, मग दबून बसतो आणि खालचा सांगाडा मांडीला लागायला लागतो. घट्ट फोमची सीट पहिल्या दिवशी बाकासारखी वाटते आणि चार तासांनीही तशीच राहते. अवघड गेमचं म्हणताय ना, तसलंच प्रकरण.

दुसरं, सीट कव्हर. गाडी घेतली की पहिलं काम कव्हर शिवणं, ही आपल्याकडची रीत. पण बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच कडेला असते, शिवणीवर 'एअरबॅग' लिहिलेली पट्टी दिसेल. तिच्यावरून जाड कव्हर घट्ट शिवलं तर वेळेला ती फुगायची कशी? मी अशी कव्हरं शिवून देत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

हवेशीर सीटचंही तेच. तिच्यात वेगळा एसी नसतो, छोटे पंखे असतात, गाडीतलीच हवा भोकांतून फिरवतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बसल्याबसल्या चालू केली तर पाठीवर गरम वाराच येणार. आधी केबिन गार होऊ द्या. आणि एका गृहस्थांनी त्या भोकांवरच रेक्झिनचं कव्हर चढवून घेतलं होतं आणि 'पंखा बिघडला' म्हणून माझ्याकडे आले होते. हसू दाबत कव्हर काढलं.

आता धागाकर्त्यांचा घाट. एक, पावसात एसी बंद करू नका, एसी हवा कोरडी करतो. दोन, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा, बाहेरची येऊ द्या. पाच माणसांच्या श्वासाची वाफ आतच फिरली तर काच कशी सुटणार? तीन, काच आतून साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. आतून तेलकट थर असतो, वाफ त्याच्यावर धरते.

स्क्रीनच्या बाबतीत तुमची तक्रार जगाची आहे. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅपच्या २०२६ च्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि एसओएस (संकटातला मदतीचा कॉल) यांना हाताला लागणारी खरी बटणं नसतील तर गुण कापतात.

सातपूरवाला | मंगळवार, सकाळी १०:४०

आणि एसी?

वायरिंगवाला | मंगळवार, सकाळी १०:४१

एसी त्या यादीत नाही.

सातपूरवाला | मंगळवार, सकाळी १०:४१

धन्य.

रात्रपाळीची आई | मंगळवार, दुपारी ४:२०

वायरिंगवाल्या दादांनी फोमचं सांगितलं ते पेशंटच्या पाठीवरून मीही रोज बघते. पण चांगली सीटही लोक चुकीची लावतात. पुढे सरकून, पाठ सरळ भिंतीसारखी, स्टिअरिंग छातीशी. नाहीतर एकदम आरामखुर्ची. पाठ किंचित मागे, मांडी आणि पाठ यांचा कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा. खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यात दोन-तीन बोटं जागा हवी. त्याहून जास्त उरली तर सीट आखूड आहे, मांडी लोंबकळते, आणि हे घेतल्यानंतर दुरुस्त होत नाही. म्हणून शोरूममध्ये आधी हे बघा, सनरूफ नंतर.

आणि पुरुषमंडळींनो, मागच्या खिशातलं पाकीट काढून बसा. एवढ्याने माझे निम्मे पेशंट कमी होतील. (हे धंद्याच्या विरोधात लिहितेय.)

पंचवटीचे काका | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

सगळे ड्रायव्हरच्याच सीटबद्दल बोलताय. आमच्यासारखे मागे बसतात, त्यांचं कोण बघणार? नव्या गाड्या उंच, आणि मागचं दार अरुंद. गुडघा आधी आत घालू की डोकं, हा प्रत्येक वेळी नवा पेच. आत गेलं की सीट खाली आणि गुडघे हनुवटीशी. काच खालून निम्मी झाकलेली, बाहेरचं दिसत नाही. मला गाडी लागत नसे, हल्ली लागते.

परवा नातू शेजारी बसून हातातल्या खेळण्यावर गेम खेळत होता. इगतपुरीच्या पुढे त्याचा चेहरा लिंबासारखा झाला. डोळ्यांना वाटतं आपण स्थिर, कानातला तोल सांगतो वळतोय, आणि भांडण पोटात. गेम काढून घेतला, खिडकीबाहेर लांबवर बघायला लावलं, आवळासुपारी तोंडात दिली. पाच मिनिटांत शांत.

मखमलाबादकर | मंगळवार, रात्री ९:१०

आवळासुपारीला तोड नाही.

सातपूरवाला | शनिवार, रात्री ११:४५

अहवाल देतो.

लॅपटॉप उघडला. पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर होता, अखंड निघाला, मांड्यासारखा पातळ. बायकोला दाखवला तर तिने वाढदिवसाला घेतलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचा विषय काढला, तो इथे नको. पाटावर ठेवतो आता. ४८ वर बांधलाय. दीड तास खेळलो, एकदाही अडखळला नाही.

गेनिचिरो ६१ व्या खेपेला पडला. वीज दोनदा उलटवली. पोरगा ओरडला, खालच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवली. वहीत शेवटची रेघ मी स्वतः ओढली.

गाडीची काच आतून धुतली, फरक आहे. आवाजी आज्ञाही करून बघितली. "काच साफ कर" म्हटलं, तिने वायपर मारायचं सोडून 'काचवाला' म्हणून सेव्ह केलेल्या माणसाला फोन लावला. त्याच्याशी दोन मिनिटं बोललो, बरा माणूस आहे. स्टिअरिंगवर एक चांदणीचं बटण आहे, त्याला हवं ते काम देता येतं. यादी उघडली. रेडिओ, आवडतं गाणं, नेव्हिगेशन, घरचा रस्ता. काचेचा वारा नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, "सर, हे कुणी मागितलंच नव्हतं."

मागितलंय म्हणून लिहून घे म्हटलं. त्याने लिहिलं. कागदावर.

अर्धवट अभियंता | शनिवार, रात्री ११:५२

अभिनंदन दादा!!! आता पुढे घुबड नावाचा गडी आहे. काही सांगत नाही.

पंचवटीचे काका | रविवार, सकाळी ६:५०

सातपूरवाले, खर्डीला परत कधी जाणार? आमची धाकटी शहापूरला असते. तुमच्या गाडीची मागची सीट एकदा बघायची आहे.

सातपूरवाला | रविवार, सकाळी ८:१५

पुढच्या रविवारी, साडेसातला मायको सर्कलला उभे राहा. काच पुसायचं फडकं मी घेतो, आवळासुपारी तुम्ही आणा.